दिघीच्या खळ्यावरील तेलमोहीम

श्री

मातुश्री सुहासिनीबाई, मुक्काम दिघी, यांनी आज्ञा केली की, घरधनी अनंतराव साहेब यांच्या अखेरच्या मोहिमेचा मजकूर जैसा घडला तैसा लिहून ठेवावा, पदरचे काही घालू नये आणि लाजेखातर काही गाळू नये. कारण साहेबांच्या गाडीच्या वहीत पूर्वीच्या सर्व मोहिमा रीतसर दाखल आहेत, परंतु शेवटच्या ओळीत एक रकाना कोरा राहिला होता, तो का राहिला हे घरात कळले पाहिजे. आज्ञा मानून हकीकत लिहिली ती येणेप्रमाणे.

शके एकोणीसशे एक, सिद्धार्थीनाम संवत्सर, माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमी, वार गुरुवार. गुरुवार म्हणून कारखान्यांस सुटी आणि भोसरीकडचे भोंगे मुके. त्या दिवशी दुसरे काही विशेष नव्हते. नळाला पाणी सातला आले आणि आठला गेले, आणि मग सुहासिनीबाईंनी अंगणात गोवऱ्या पेटवून, सूर्याकडे तोंड करून, मातीच्या बोळक्यातले दूध उतू घातले, आणि साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवून फर्मान काढले की, आज गाडीचे तेल बदलणे आहे.

साहेबांचा वकूब थोर. टूलरूममध्ये तपासनीस, बावीस वर्षांची चाकरी. नवे यंत्र पायावर बसवावे आणि साहेबांनी त्यावर लेव्हल ठेवून काचेतला बुडबुडा मधोमध आला असे सांगावे, तोवर मोठमोठे फिटर पान्याला हात लावीत नसत. त्या खात्यात एक कायदा होता, तो असा की, एकाने वाचले ते माप नव्हे. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी वाचून मोठ्याने ‘बरोबर’ म्हणावे, मगच ते वहीत चढवावे. यास दुसरी नजर म्हणत. साहेबांनी हा कायदा घरातही जारी केला होता. ताप मोजण्याची काचनळी, दाराच्या चौकटीवरच्या उंचीच्या खुणा, गाडीचे तेल, या सर्वांस दुसरी नजर लागे, आणि त्या कामी कन्या मृदुलाबाई यांची नेमणूक वयाच्या सातव्या वर्षी झाली ती सोळा वर्षे चालली. वेतन नव्हते आणि रजाही नव्हती. पुस्तक वाचता वाचता मान न वळवता ‘बरोबर’ म्हटले तर नोकरीतली कसूर धरून पुन्हा बोलावणे येई.

मोहिमेचे कारण असे. मृदुलाबाईंस नारायणगावच्या शाळेत मराठी शिकवण्याची नोकरी लागली होती, पुढच्या शुक्रवारी हजर व्हायचे होते. मातुश्रींचे मत पडले की एसटीने जावे, दीड तासाचा रस्ता. साहेबांनी ते मत फेटाळून प्रतिज्ञा केली की, कन्या पहिल्या नोकरीस जाते ती आपल्या गाडीतून जाईल, ट्रंक आणि गादीसह जाईल, आणि वाटेत गाडी बंद पडणार नाही. ही शेवटची बाब कठीण होती. कारण गाडी म्हणजे पांढरी फियाट, तिचे वय अठरा, आणि बॅटरी दम सोडून बसलेली. म्हणून गाडी सदा गल्लीच्या उतारावर, नाक खाली करून, पुढच्या चाकांना विटा लावून उभी असे. सकाळी विटा काढाव्या, गाडी घरंगळत न्यावी, दुसरा गिअर टाकून क्लच सोडावा, आणि उताराच्या पायथ्याशी दौलतराव यांच्या दारात पोचेतो इंजिनाने हुंकार द्यावा, असा शिरस्ता. गल्लीतली पोरे त्या आवाजावर शाळेला निघत.

तर साहेबांनी प्रथम एक फेरी मारून इंजिन गरम केले, म्हणजे तेल पातळ होऊन निमूट बाहेर येते, आणि गाडी परत विटांवर आणून उभी केली. मग सरंजाम काढला. पाने तीन, जुने पंचे दोन, डबा कापून केलेले नसराळे एक, तेलाचा नवा डबा एक, आणि मातुश्रींची पितळी परात एक. परातीविषयी मातुश्रींनी हरकत नोंदवली. साहेबांनी कळविले की, ही परात तात्पुरती सरकारजमा झाली आहे, घासून परत मिळेल. घासणार कोण, याचा खुलासा त्या फर्मानात नव्हता.

साहेब खाकी अर्धी विजार घालून गाडीखाली शिरले आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाचा, नट सोडला, आणि काळे तेल परातीत उतरले. ठिबकणे थांबेतो वाट पाहिली, नट पुसून परत बसवला, आणि मग नसराळे लावून नवे तेल ओतले, बेताबेताने, डब्यात थोडे राखून. नंतर पट्टी काढली. ही पट्टी म्हणजे इंजिनाच्या पोटात उतरणारी लोखंडी सळई, तिच्या टोकाशी दोन रेघा. तेल खालच्या रेघेखाली असता इंजिन जळते, वरच्या रेघेवर गेले तर फेसाळते आणि धूर होतो. दोहोंच्या मध्ये, वरच्या रेघेच्या किंचित खाली, तेच योग्य. पट्टी पुसली, घातली, काढली. तेल खालच्या रेघेलाही पोचले नव्हते. साहेबांनी आणखी ओतले आणि पुन्हा पाहिले. तरी कमी.

इतक्यात उताराच्या पायथ्याहून दौलतराव आले. हे दिघीचे जुने वतनदार, जमीन लष्कराच्या कुंपणात गेली तरी जिभेचा मुलूख शाबूत. कमरेवर हात ठेवून म्हणाले, “अनंतराव, त्या पट्टीनं काय गुन्हा केलाय? सकाळधरनं पुसताय तिला.”

“तेल वर येत नाही,” साहेब म्हणाले.

“मग वता की. डबा काय म्हातारपणासाठी राखलाय व्हय?”

मृदुलाबाई तेव्हा पायरीवर पुस्तक घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या नजरेचे बोलावणे येईल म्हणून. त्यांची दृष्टी परातीकडे गेली. परातीतले काळे तेल एका काठाशी जाडसर साचले होते आणि दुसऱ्या काठाशी पितळ उघडे पडले होते. त्या वडिलांस म्हणाल्या, “दादा, परातीतलं तेल पुढच्या बाजूला गेलंय. इंजिनातलंही गेलं असेल. पट्टी तर मागे आहे.”

साहेबांनी बॉनेटखालून निर्णय दिला की, एम.ए. मराठीत झालेल्यांनी इंजिनात लक्ष घालू नये, मी काही संधिविग्रहात घालत नाही. आणि दौलतराव हसले. आणि मृदुलाबाईंनी पुस्तकाचे पान उलटले, जे वाचून झालेले नव्हते. आणि मग साहेबांनी डब्यातले उरलेले सर्व तेल आत रिचवले.

पट्टी खालच्या रेघेवर आली, इतकीच.

साहेब ताठ उभे राहिले. रिकाम्या डब्याकडे पाहिले, गाडीच्या नाकाकडे पाहिले, विटांकडे पाहिले, आणि घरात जाऊन मखमली पेटीतली आपली लेव्हल घेऊन आले, आणि ती दाराखालच्या पत्र्यावर ठेवली. काचेतला बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटला, जणू घाबरला. ज्या पुरुषाने भोसरीची निम्मी यंत्रे समतळ केली, त्याने अठरा वर्षांची आपली गाडी उतारावर उभी करून तेल मोजले होते, आणि असे एक वेळा नव्हे. इंजिनाच्या पोटात आता तेल माईना इतके झाले होते.

“लेव्हल म्हणते, जागा सपाट पाहिजे,” साहेब म्हणाले. लेव्हलच्या आधी हे कोण म्हणाले होते, त्याचा उल्लेख आला नाही. तो कन्येच्या मनात राहिला.

त्या गल्लीत सपाट जागा एकच, दौलतरावांचे खळे. मळणी थांबून वर्षे झाली होती, तरी त्यांच्या पत्नी सुभद्राबाई ते दर पंधरवड्यास शेणाने सारवून आरशासारखे राखीत, पापड वाळवण्यास. साहेब तेथे मसलतीस गेले. दौलतरावांनी मिशी चाचपत तह सांगितला, तो असा की, गाडी खुशाल आणावी, मात्र तेलाचा थेंब पडला तर ज्याचे तेल त्यानेच खळे सारवावे, आपल्या हाताने, बायकोच्या नव्हे. साहेबांनी तह कबूल केला, कारण थेंब पडणे त्यांच्या हिशेबात नव्हते.

विटा काढल्या. इंजिन सुरू करणे मना होते, म्हणून फियाट निःशब्द घरंगळत उतरली, पालखीसारखी, आणि गल्लीतली माणसे दारात आली, कारण गाडी चालते आणि आवाज नाही असे पूर्वी घडले नव्हते. खळ्यावर गाडी ठेवली, लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध आला. दहा मिनिटे तेल निवळू दिले आणि मग पट्टी काढली. तेल वरच्या रेघेच्या दोन बोटे वर.

“रथसप्तमीला दूध उतू घालत्यात, अनंतराव,” दौलतराव म्हणाले. “त्याल न्हाई.”

जादा तेल काढावे म्हणून साहेब पुन्हा गाडीखाली गेले. नट थोडा ढिला करून धार लागताच आवळायचा, असा बेत होता. परंतु नट तेलकट, तो बोटांतून सुटून परातीत पडला, आणि धार सुटली ती साहेबांच्या मनगटावर आदळून परातीच्या बाहेर गेली, आणि साहेबांनी भोकाला अंगठा लावला, आणि अंगठा लावलेल्या हाताने नट शोधता येईना, आणि दुसरा हात अंगाखाली अडकला. अशा आणीबाणीत मृदुलाबाई पुस्तक टाकून धावल्या, साडी खोचून पालथ्या पडल्या, कोपरापर्यंत हात परातीत घालून नट काढला आणि वडिलांच्या बोटांत दिला. वडिलांनी तो बसवला. दोघे गाडीखालून निघाले तेव्हा तोंडे सारखीच काळी होती. खळ्यावर तेलाचा पुणे जिल्ह्याएवढा डाग पडला होता. सुभद्राबाईंनी नुसती शेणाची पाटी आणून कडेला ठेवली.

आता तेल खालच्या रेघेखाली. परातीत काळे आणि नवे मिसळले म्हणून ते बाद, आणि डबा रिता. मग प्रेसशॉपमधला शेजारी कोंडीराम, मूळचा परभणीचा, सायकलवर भोसरीस जाऊन नवा डबा घेऊन आला. त्यानंतरची लढाई चहाच्या कपाने झाली. एक कप ओतावा, थांबावे, पट्टी पुसावी, पाहावी. पुन्हा एक कप. सहाव्या कपास तेल मध्यावर आले. मग इंजिन फिरवून तेल सर्वत्र पोचवणे भाग होते, आणि सपाटीवर गाडी आपण होऊन सुरू होत नाही, म्हणून दौलतराव, कोंडीराम आणि कन्या यांनी ढकलून खळ्याला तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीत कोंडीराम म्हणाला, “काका, याच्यापेक्षा आमचा बैल बरा होता, त्याला पट्टी न्हवती,” आणि इंजिन बोलले.

पाच मिनिटे चालवले, बंद केले, दहा मिनिटे थांबले, अर्धा कप ओतला, पुन्हा थांबले. साहेबांनी पट्टी पुसली, घातली, काढली, उन्हात धरली. तेल वरच्या रेघेच्या केसभर खाली, सोनेरी, स्थिर.

मग साहेबांनी पट्टी आडवी धरून कन्येपुढे केली आणि कायद्याप्रमाणे विचारले, “दुसरी नजर. बघ. बरोबर आहे?”

मृदुलाबाईंच्या केसांत तेल होते आणि मनात संधिविग्रह होता. त्या पट्टीकडे न पाहता म्हणाल्या, “लेव्हलला विचारा.”

साहेबांनी पट्टी पुसून जागी घातली, वहीत तारीख आणि माप लिहिले, शेजारचा दुसऱ्या नजरेच्या सहीचा रकाना कोरा सोडला, आणि पेन्सिल कानामागे खोचून खळ्यावर उकिडवे बसले आणि सारवू लागले. हात उलटा फिरे. सुभद्राबाई पदराआड हसून म्हणाल्या, “भावजी, अर्धगोल काढा, रेघा मारू नका. हितं इंच न्हाईत.” साहेबांनी अर्धगोल काढले. ते इतके एकसारखे आले की सुभद्राबाईंनी पुढे महिनाभर त्यावर पापड घातले नाहीत. संध्याकाळी सहा माणसांनी गाडी ढकलून वर नेली आणि विटांवर उभी केली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साहेब पहिल्या शिफ्टला बसने गेले. दहाच्या सुमारास एका नव्या यंत्रावर लेव्हल ठेवून ते वाकले, आणि यंत्रालगत खाली बसले, आणि उठले नाहीत. बुडबुडा मधोमध होता असे बरोबरच्या फिटरने घरी येऊन सांगितले. त्याउपर त्या दिवसाचा मजकूर येथे लिहिण्याचा नाही.

शाळेने महिन्याची मुदत दिली. फाल्गुनात निघण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवार पाहून, मृदुलाबाई उताराच्या पायथ्याशी गेल्या आणि दौलतरावांस म्हणाल्या, खळे पाहिजे. दौलतरावांनी तह सांगितला नाही. कोंडीरामने चक्र धरले, विटा काढल्या, आणि गाडी निःशब्द उतरली. मधल्या काळात तिला कोणी सुरू केले नव्हते. आत होते ते साहेबांनी ठेवले तितकेच तेल होते. कन्येने लेव्हल ठेवली, बुडबुडा थांबेतो थांबली, पट्टी पुसली, घातली, काढली, आणि उन्हात आडवी धरून आपल्या डोळ्यांनी पाहिली. वरच्या रेघेच्या केसभर खाली.

मग तिने वही उघडून कोऱ्या रकान्यात सही केली. येणेप्रमाणे माघ शुद्ध सप्तमीची मोहीम, एक डबा अधिक साडेसहा कप, एक परात आणि एक खळे खर्ची पडून, फत्ते झाली असे दाखल झाले. परंतु कायदा सहीने पुरा होत नाही, मोठ्याने म्हणावे लागते. दौलतराव जवळच उभे होते, आणि कोंडीराम, आणि वरच्या दारात मातुश्री. कन्येने पट्टी तशीच धरली आणि सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “दादा, दुसरी नजर. मी बघितलं. बरोबर आहे.”