पलीकडेच थांबा

बोटवाल्यांनी आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं की, जगात कशातही त्यांची चूक होऊ शकेल, पण फेरीबोटीच्या बाबतीत होणं शक्य नाही. बायकोने ऐकून घेतलं आणि ताटातली कोशिंबीर संपवली. बत्तीस वर्षांच्या संसारात अशा वाक्यांना उत्तर द्यायचं नसतं, हे ती शिकली होती.

बोटवाले हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटींनी झपाटलं होतं. फेरीबोट दिसली की बसायचं, बसलं की मोजायचं आणि उतरलं की फोटो काढायचा. कुठली बोट किती गाड्या घेते, रॅम्प खाली यायला किती सेकंद लागतात, भोंगा एकदा वाजतो की दोनदा, हे सगळं त्यांच्या अकरा वह्यांमध्ये लाल-निळ्या शाईत नोंदलेलं होतं. फेरीबोटप्रेमींची एक संघटना दरवर्षी कॅलेंडर काढायची. त्या कॅलेंडरसाठी बोटवाले एकोणीस वर्षं नेमाने फोटो पाठवत होते आणि एकोणीस वर्षं त्यांना एकच उत्तर येत होतं: ‘छायाचित्र स्वच्छ आहे, पण थोडा जिवंतपणा हवा.’ बोटीत जिवंतपणा कुठून आणायचा, हे मात्र संघटनेने कधी कळवलं नाही.

वह्यांमध्ये त्यांचा एक नियम होता आणि त्यावर ते कुणाशीही वाद घालायला तयार असत. पूर्वेचा किनारा, पश्चिमेचा किनारा असं ते लिहीत नसत. आपण ज्या धक्क्यावर उभे आहोत तो अलीकडचा, पाणी ओलांडल्यावर लागतो तो पलीकडचा. तिथे पोचलो की तोच अलीकडचा झाला. शब्द नेमका वापरला की गोंधळ होत नाही, असं ते बजावून सांगत. हा नियम जरा लक्षात ठेवा.

तर दुसऱ्या दिवसाचा बेत बोटवाल्यांचा नव्हताच. तो दिवस बायकोचा होता. चार वर्षांपूर्वी ती मातीची भांडी करायला शिकली. सुरुवातीचे वाडगे एका बाजूला कलायचे, ते घरात साबण ठेवायला लागले. पण हळूहळू हात बसला, आणि आता खाडीपलीकडच्या सभागृहात भरणाऱ्या प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं. बारा वाजेपर्यंत भांडी घेऊन हजर झालं नाही, तर टेबल प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. पत्रात ही ओळ ठळक छापलेली होती आणि बायकोने ती इतक्यांदा वाचली होती की घडीवर कागद फाटायला आला होता.

“उद्या तुम्ही बोटीवरून उतरायचं नाही,” तिने सांगून ठेवलं होतं. “फोटो नाही, मोजणी नाही. गाडीत बसायचं आणि पलीकडे जायचं.”

“उतरणार नाही,” बोटवाल्यांनी शब्द दिला.

सकाळी सव्वानऊला ते धक्क्यावर पोचले. डिकीत बेचाळीस भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेली होती. या मार्गावर दोन बोटी चालत. बोटवाले त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. दोन्ही किनाऱ्यांवर बोट लागायला एकेकच जागा, त्यामुळे थोरली इकडून निघाली की धाकटी तिकडून निघायची आणि दोघी मधल्या पाण्यात एकमेकींना ओलांडायच्या. वीस मिनिटं प्रवास, दहा मिनिटं थांबा. हे वेळापत्रक बोटवाल्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

त्यांची गाडी थोरलीवर सगळ्यात आधी चढली आणि पार पुढच्या टोकाला, पलीकडच्या रॅम्पच्या तोंडाशी उभी राहिली. बोटवाल्यांनी जाणकाराच्या पद्धतीने चाकं कठड्याकडे पूर्ण वळवली, म्हणजे बोट हलली तरी गाडी सरळ सुटायला नको. इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली. मागे बाकीच्या गाड्या लागू लागल्या.

आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की थोरलीला नवा रंग दिलाय. अकराच्या अकरा वह्यांमध्ये थोरली पोपडे आलेली, आणि आज ती हिरवीगार. सूर्य बरोबर मागच्या रॅम्पवर. निघायला अजून पाच मिनिटं होती.

“एक मिनिट,” ते म्हणाले.

“अहो,” बायको म्हणाली. त्या दोन अक्षरांत पुष्कळ काही होतं, पण बोटवाले तोवर गाड्यांच्या फटीतून मागे पोचले होते.

पुढचं जे घडलं त्याचा दोष त्यांनी नंतर बराच काळ भोंग्याला दिला. थोरली दोनदा भोंगा वाजवते, ही वहीतली नोंद. आज ती एकदाच वाजली. बोटवाले धक्क्याच्या टोकाशी, डोळा कॅमेऱ्याला लावून, दुसऱ्या भोंग्याची वाट पाहत होते. चौकटीत बोट लहान व्हायला लागली तसा त्यांनी झूम वाढवला. आणखी लहान झाली, त्यांनी आणखी वाढवला. झूम संपला तेव्हा त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि मधे भरपूर पाणी दिसलं.

खिशात फोन वाजला. बायकोने फक्त एक शब्द विचारला. “किल्ली?”

बोटवाल्यांनी दुसरा खिसा चाचपला. किल्ली होती. किल्ली कधी नव्हे इतकी व्यवस्थित होती.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “मी धाकटीने येतो.”

थोरली पलीकडे पोचली, रॅम्प खाली आला. पायी प्रवासी उतरून गेले, पण गाड्यांच्या तोंडाशी बोटवाल्यांची गाडी बूच मारल्यासारखी उभी. खलाशाने चार जणांना बोलावून ढकलायचं ठरवलं, तर स्टिअरिंगला कुलूप पडलेलं आणि चाकं कठड्याकडे वळलेली. ढकलली असती तर गाडी थेट कठडा तोडून पाण्यात गेली असती.

“अशी चाकं वळवून कोण ठेवतं?” खलाशाने विचारलं.

“जाणकार,” बायको म्हणाली.

मग उचलून बाजूला ठेवावी असं कुणीतरी सुचवलं. तेव्हा बायको डिकीला पाठ लावून उभी राहिली आणि आत बेचाळीस भांडी आहेत, चार वर्षांची आहेत, हात लावायचा नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. कुणी हात लावला नाही. मागच्या पावाच्या गाडीचा चालक हॉर्न वाजवत होता. त्याच्या मागे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा पेशंट तिकडे दवाखान्याच्या खुर्चीत सुजलेला गाल धरून बसला होता.

दहाला धाकटी समोरून निघणार होती, आणि तिला लागायला तर जागा मोकळी हवी. बोट चालवणारा सारंग वरून हे सगळं पाहत होता. त्याने घड्याळाकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि दहा वाजता सगळ्या गाड्यांसकट थोरली परत फिरवली.

त्यामुळे दहा वाजून दहा मिनिटांनी, धाकटीच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या बोटवाल्यांना समोरून नवी हिरवी थोरली येताना दिसली. अगदी तिरप्या उन्हात, अंगभर, पाण्यात सबंध सावली पडलेली. आयुष्यभर ज्या फोटोची वाट पाहिली तो फोटो दोनशे हातांवरून चालला होता. गळ्यात कॅमेरा होता. पण थोरलीवर आपली गाडी आहे आणि गाडीपाशी आपली बायको आहे, हे दिसल्यावर ते किल्ली उंच धरून वेड्यासारखे हलवत राहिले. काय ओरडले ते इंजिनाच्या आवाजात त्यांनाही ऐकू आलं नाही. बायकोने फोन काढला आणि मुलीला पुरावा म्हणून पाठवायला एक फोटो घेतला.

आणखी दहा मिनिटांत ती घराकडच्या किनाऱ्याला लागली आणि हे सभागृहाकडच्या. तिने फोन लावला. बारा वाजायला दीड तास होता, अजून जमण्यासारखं होतं.

“आता काहीही करू नका,” ती म्हणाली. “तुम्ही पलीकडेच थांबा, मी येते.”

बोटवाले सभागृहाच्या किनाऱ्यावर उभे होते. म्हणजे तो झाला अलीकडचा. मग पलीकडचा कुठला, हे तर उघड होतं. तरी तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी एकदा तपासून घेतलं. “पलीकडेच ना? नक्की?”

“हो, पलीकडेच. किती वेळा सांगू?”

शब्द नेमका होता. बोटवाले धावत जाऊन सुटत्या धाकटीत चढले.

या खेपेला थोरली समोरून आली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. ते धाकटीच्या कठड्याशी, लाल रंगाच्या बादलीमागे, जरा वाकून उभे राहिले. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या घड्याळाकडे बघत होती आणि दोन्ही हातांनी डिकीचं झाकण धरून होती. एवढ्या लांबूनही त्यांना तिचा चेहरा दिसला. चार वर्षं ती संध्याकाळी नखांत माती घेऊन घरी यायची आणि आज कसं झालं ते सांगायची, आणि आपण वहीतून मान वर न करता ‘छान’ म्हणायचो, हे त्यांना तिथे, बादलीमागे, पहिल्यांदा नीट आठवलं. मनापासून लाज वाटली.

थोरली पुन्हा सभागृहाकडच्या धक्क्याला लागली तेव्हा बोटवाले तिथे नव्हते. एव्हाना बोटीवर सगळ्यांची ओळख झाली होती. पावाच्या गाडीवाल्याकडे मोठा थर्मास भरून चहा होता, पण प्यायला काही नव्हतं. बायकोने आतला खटका ओढून डिकी उघडली आणि वर्तमानपत्रातून सहा निळे कप काढून दिले. दातांच्या डॉक्टरांना तेवढ्यात फोन आला की, पेशंटची दाढ वाट पाहून आपोआप दुखायची थांबली आणि तो घरी गेला. डॉक्टरांनी दुसरा कप मागितला. एक कप वर सारंगालाही गेला. तो पिऊन झाल्यावर सारंग खाली उतरला, कप स्वतः विसळून परत केला आणि म्हणाला, “काकू, फोन लावून माझ्याकडे द्या. तुम्ही दोघं आपसात बोलू नका.”

घराकडच्या धक्क्यावर नुकत्याच उतरलेल्या बोटवाल्यांनी फोन उचलला.

“काका, पायाखाली काय आहे तुमच्या?”

“फरशी. पण अलीकडची म्हणजे—”

“अलीकडची नको, पलीकडची नको. त्या फरशीवरून पाय उचलायचा नाही. मी बोट घेऊन त्या फरशीकडे येतो.”

बोटवाले फरशीवर उभे राहिले. धाकटी त्यांच्यासमोरून सुटली, ते हलले नाहीत. तिकीट देणाऱ्या बाईंनी स्टूल आणून दिलं, तेही त्यांनी त्याच फरशीवर ठेवायला सांगितलं.

अकरा वीसला थोरली लागली. बोटवाले मान खाली घालून बोटीवर चढले, गाड्यांच्या फटीतून वाट काढत पुढे गेले. दोन्ही बाजूंनी काचा खाली झाल्या. त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली. ती चालकाच्या जागी बसली, हे शेजारी बसले आणि त्यांनी पट्टा लावला. साडेअकराला भोंगा वाजला. दोनदा.

मधल्या पाण्यात धाकटी समोर आली. ऊन आता वरून पडत होतं आणि तिच्या पांढऱ्या अंगावर पाण्यावरच्या कवडशांची नक्षी हलत होती. बोटवाले समोरच्या काचेतून बघत राहिले. कॅमेरा मांडीवर होता, झाकण लावलेलं होतं.

“काढा हवं तर,” बायको म्हणाली.

“नको,” ते म्हणाले. “उतरणार नाही म्हणालो होतो.”

तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग इंजिन सुरू नसतानाच चाकं सरळ करायला स्टिअरिंग फिरवून बघितलं आणि किल्ली जागच्या जागी आहे ना, हे चाचपलं.

अकरा पन्नासला रॅम्प खाली आला आणि बायकोने गाडी अशी काढली की पावाची गाडी मागे दिसेनाशी झाली. सभागृहाच्या दारात बारा वाजायला एक मिनिट कमी होतं. भांडी उतरवण्यात बोटवाले असे राबले की व्यवस्थापक त्यांना मजूर समजला. त्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही. टेबल बायकोलाच मिळालं. बेचाळीसच्या बेचाळीस भांडी मांडून झाल्यावर तिने एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसली आणि समोरच्या टेबलाकडे बराच वेळ नुसती बघत राहिली. बोटवाले बाजूला उभे होते. ‘छान’ म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण या वेळी त्यांनी प्रत्येक भांडं उचलून, फिरवून, बूड बघून मगच ते म्हटलं. त्याला पाऊण तास लागला.

बक्षीस काही मिळालं नाही. निळ्या कपांच्या संचाविषयी परीक्षकांनी लिहिलं होतं: ‘घडण सुबक. एका कपात चहाचा डाग.’ बायकोने ती चिठ्ठी घरी फ्रिजवर लावली. डाग सारंगाच्या कपातला होता, आणि तो कप ती आता कुणाला वापरू देत नाही.

वर्षअखेरीस फेरीबोटप्रेमींचं कॅलेंडर आलं. बोटवाल्यांनी नेहमीसारखे बारा फोटो पाठवले होते. त्यांनी पानं उलटली. ऑगस्टच्या पानावर ते थांबले.

पानभर धाकटी होती. तिरप्या उन्हात, अंगभर, पाण्यात सबंध सावली. आणि कठड्याशी एक टक्कल पडलेला गृहस्थ हात उंचावून, तोंड उघडून, काहीतरी चकाकणारं हलवत होता. बायकोने मुलीला पाठवलेला फोटो मुलीने कौतुकाने संघटनेला पाठवून दिला होता. सोबतच्या पत्रात संघटनेने लिहिलं होतं की, एकोणीस वर्षं ज्या जिवंतपणाची वाट पाहत होतो तो हाच.

फोटोखाली छायाचित्रकार म्हणून बायकोचं नाव होतं. त्याखाली छापलं होतं: ‘धाकटी फेरीबोट, पलीकडे जाताना.’

बोटवाल्यांनी सवयीने लाल पेन्सिल उचलली. ते धाकटीवर होते, तेव्हा पलीकडे बरोबर. पण फोटो काढणारी थोरलीवर होती आणि तिच्या बाजूने पाहिलं तर… त्यांनी बोटाने हवेत दोन्ही किनारे काढून बघितले, पुसले, पुन्हा काढले.

“बरोबर छापलंय का?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

बोटवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“तू म्हणशील तसं,” ते म्हणाले.