बिनखर्चाचा महिना

सेतुमामांच्या घरी साधा दहीभातसुद्धा ठरावाशिवाय पानात पडत नसे. मामा उभे राहून म्हणत, "असें ठरविण्यांत येतें कीं, आज दहीभात आणि नार्त्या लिंबाचं लोणचं." आतून जानकीमामी "अनुमोदन" म्हणाली, की मगच पानं मांडायची. अनुमोदक नसला तर ठराव पडतो, असा मामांचा कायदा होता.

मामा तंजावूरजवळच्या एका लहानशा नगरपंचायतीत ठराव लिहायच्या नोकरीत होते. लिहीत तमिळमध्ये, पण आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीला ऐकवत मराठीत. आरोग्याचे महिने हा त्यांचा खास प्रांत. दातांचा महिना, डोळ्यांचा महिना, मधुमेहाचा महिना. दरवेळी एक कापडी फलक, शाळकरी मुलींची मिरवणूक, अध्यक्षांचं भाषण, वडा आणि कॉफी. दात मात्र कोणाचे सुधारले नाहीत. मामा मनापासून सगळं पाळत. मधुमेहाच्या महिन्यात त्यांनी मला बिनसाखरेचं पायसम पाजलं आहे. ते मी अजून विसरलो नाही.

त्यांचा एकही ठराव कधी पडला नाही. "गुट्टू काय ठावें?" मामा डोळे मिचकावत गुपित सांगत. "पैशाचें नांव काढूं नये. रुपया दिसला कीं सभा जागी होती."

मग मामीला कंपवात झाला. आधी दारातली रांगोळी वाकडी होऊ लागली, मग हात, मग मान. एक गोळी होती. ती असली की मामी आपल्या हातानं जेवायची, नसली की मामा भरवायचे. तेव्हा गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर परदेशी सरबताची पाटी लागली होती, बाजारात हवं ते मिळू लागलं होतं. ती गोळी सोडून. ती तिरुचीहून आणावी लागे, आणि तिथंही कधी असे, कधी नसे.

"मामा, आता करा की ठराव," मी म्हटलं. "पंचायतीच्या दवाखान्यात गोळी ठेवायचा."

मामा कित्येक दिवस त्यावर खल करत बसले. शेवटी ओसरीवर उभे राहून त्यांनी वाचून दाखवला: कंपवात जागृती महिना पाळण्यांत यावा. भाषा अशी सुरेख, की मीही मान डोलावली. मग विचारलं, "अहो, पण गोळी कुठाय?"

"ती घातली तर पडेल कीं! पहिलें मंजूर होंवदे."

मंजूर झाला. सर्वानुमते, बाकं बडवून. मामा नव्या वेष्टीत आणि मामी इस्त्रीच्या साडीत ऑटोनं समारंभाला गेली. मी सोबत होतो. त्या आठवड्यात तिरुचीला गोळी नव्हती. अध्यक्षांनी मामीला शाल घातली. ती तिच्या खांद्यावर ठरेना. मला त्या शालीचा असा संताप आला, की ओढून फेकावी.

"अम्मा, जरा हलू नका," फोटोवाला म्हणाला.

मामांनी पुढं होऊन तिची हनुवटी दोन्ही हातांत धरली. तेवढ्यात फोटो निघाला.

खाली उतरल्यावर मामांनी अध्यक्षांना गोळीचं विचारलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. तो खरोखरच गोंधळला. "सार, ते ठरावात नाही ना? तुम्हीच तर लिहिलात."

आम्ही मामीला घेऊन घरी आलो. संध्याकाळी मी डोकावलो, तर ते मामीसमोर उभे होते. "असें ठरविण्यांत येतें कीं, दवाखान्यांत ही गोळी ठेवावी, आणि त्यास लागेल तो पैका पंचायतीनें द्यावा."

जन्मात पहिल्यांदा त्यांच्या ठरावात पैसा आला होता. ते अनुमोदनाची वाट पाहत राहिले. मामीचा आवाज आता फुटत नव्हता. मान तेवढी हलत होती.

"हो म्हणतीस कीं नको म्हणतीस, जानकी?"

मान हलतच राहिली. मामा खाली बसले. दहीभात कालवला, आणि ठराव न मांडताच तिची हनुवटी धरून पहिला घास भरवला.