ताटावरून न उठता

अजिंक्यला रिमोट डेस्कटॉप हवं होतं ते कंपनीसाठी नव्हे, सासूबाईंसाठी. मागच्या अधिक महिन्यात मोशीला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण अर्धवट टाकून तो चाकणला पळाला होता. डिस्पॅचचा कॉम्प्युटर अडला होता आणि 'भैरवकृपा प्रेस पार्ट्स'मध्ये कॉम्प्युटरमधलं कळणारा तो एकटाच होता. जावई भरल्या ताटावरून उठला, ही बातमी सासूबाईंनी, म्हणजे सोजराबाईंनी, अख्ख्या भावकीत फिरवली. अधिक महिना काही दरवर्षी येत नाही, त्यामुळे ते दुखणं तीन वर्षं ताजं राहिलं होतं.

"या खेपेला उठलात," तेजस्विनीने नवऱ्याला बजावलं, "तर मी आईच्या बाजूनं बोलणार."

कंपनीचे मालक भिमाजीशेठ मूळचे मोशीचे शेतकरी. अजिंक्यने त्यांच्यापुढे विषय काढला. चाकणचा कॉम्प्युटर घरबसल्या चालवता येईल हे शेठना पटलं, पण लायसन्सचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला.

"मग ओपन सोर्स घेऊ," अजिंक्य म्हणाला. "फुकट असतं. शिवाय त्याचा कोड जगात कुणीही वाचून तपासू शकतं."

"तू तपासलास?"

"नाही."

"मंग कुनी?"

"असतील की कुणीतरी."

"आमच्या सोसायटीच्या ऑडिटसारखंच हाय म्हन की," शेठ म्हणाले आणि त्यांनी परवानगी दिली.

पहिलं सॉफ्टवेअर शेजारच्या केबिनमधून झकास चाललं. तळेगावच्या घरून मात्र ते ढिम्म हलेना, आणि शेजारच्या केबिनपर्यंत अजिंक्य चालतही जाऊ शकत होता. दुसरं घरूनही चाललं, पण त्यात पलीकडच्या माणसाला दर वेळी 'हो'चं बटण दाबावं लागे. डिस्पॅचचा ज्योतीराम भारी सावध माणूस. कुठल्याही बटणाला हो म्हणायच्या आधी तो अजिंक्यला फोन करून "खरंच दाबू का?" विचारायचा. तिसरं पसंत पडलं. त्याला फक्त मध्ये निरोप्यासारखा कंपनीचा स्वतःचा एक सर्व्हर लागत होता. अजिंक्यने स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर त्या कामाला जुंपला.

"हा दिवसरात्र चालू राहील," त्याने शेठना सांगितलं.

"काम नसतानाबी? हिरीवरची मोटार अशी कुनी सोडतं व्हय?"

शेठना रात्री त्या विचाराने झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून एक डबा घेऊन आले. मोशीच्या सामाईक विहिरीवरचा तो मोबाइल स्टार्टर होता. आत सिम कार्ड. एक कॉल दिला की मोटार चालू, परत दिला की बंद. वायरमनकडून शेठनी तो सर्व्हरच्या प्लगला जोडून घेतला.

"काम निघालं की कॉल दे. झालं की परत कॉल दे."

"आणि विहिरीवर?"

"तिथं नवा बसवीन पुढल्या आठवड्यात."

अजिंक्यने कपाळाला हात लावला. पण वीज आली की सर्व्हर आपोआप सुरू होईल असं त्याने करून ठेवलं, कॉल देऊन पाहिला, आणि गंमत म्हणजे ते बिनतक्रार चाललं. एवढी साधी युक्ती आपल्याला सुचली नाही याचं त्याला मनातून वाईटच वाटलं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी, डिस्पॅच सोडून. त्याच गुरुवारी अजिंक्य नवं धोतर नेसून मोशीला सासऱ्यांशेजारी पाटावर बसला. ताटात पुरणाचे धोंडे, भोवती रांगोळी. पहिला घास तोंडात गेला आणि फोन वाजला.

"भाऊ, बिल निघंना," पलीकडे ज्योतीराम होता. "गाडी भरून हुबी हाय. शेठ माज्या डोक्यावर हायेत."

सोजराबाईंचा तुपाचा चमचा हवेतच थांबला. अजिंक्य हसला, डाव्या हाताने स्टार्टरला कॉल दिला आणि लॅपटॉप शेजारच्या पाटावर उघडला. चाकणचा पडदा मोशीत दिसू लागला.

"बसल्या जागी?" सोजराबाई हरखल्या.

"बसल्या जागी, आई."

तेवढ्यात पडदा काळा झाला. त्याने परत कॉल दिला. पडदा आला, बाण बिलापर्यंत पोचला आणि पुन्हा सगळं गप्प.

"भाऊ, तुमचा बाण आत्ता हालत व्हता, परत मेला!" ज्योतीराम कळवळला. मागून शेठ ओरडले, "फुकटचं असलंच निघायचं!"

तूप थिजत चाललं. सोजराबाईंची नजर ताटावर नव्हती, जावयाच्या गुडघ्यांवर होती. हा आता उठतोय की मग, एवढंच त्या बघत होत्या.

शेजारी सासरे खंडूआण्णाही फोनशी झटत होते. "मगाधरनं कॉल देतोय, पर मोटार काय लागंना," ते पुटपुटले.

अजिंक्यने हातातला घास ताटात ठेवला. "कुठली मोटार, आण्णा?"

"सामाईक हिरीवरची. भिमाजीची नि आपली. आज पान्याची पाळी माजी हाय."

जावई चालू करत होता आणि सासरा बंद करत होता. अजिंक्यने हात जोडून सगळा प्रकार सांगितला. आण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"मला न इचारता काढून नेला? भिमाज्यानं? मंग आता देतोच कॉल! माजं पानी सुरू झाल्याबिगर त्याची गाडी हलायची न्हाई!"

"आण्णा, बिल तेवढं काढू द्या हो!"

"रानात लसूणघास वाळतोय माजा!" आण्णांनी अंगठा बटणावर रोवून ठेवला. पलीकडून शेठच्या शिव्या ऐकू येत होत्या. विहिरीवर जाऊन हाताने बटण दाबायचं, एवढाच मार्ग उरला होता, आणि आण्णांचे गुडघे दुखत होते. अजिंक्यने केविलवाण्या नजरेने सासूबाईंकडे पाहिलं.

"बघताय काय, जावईबापू? उठा की!" सोजराबाई कडाडल्या.

"पण आई, ताट..."

"झाकून ठिवते. ह्ये काय कंपनीचं काम हाय व्हय?"

अजिंक्य धोतर सावरत, लॅपटॉप काखेत मारून बांधावरून धावला. विहिरीवर मोटार सुरू झाली, तेव्हा कुठे आण्णांनी फोन खाली ठेवला. मग त्याने तिथेच कठड्यावर बसून बिल काढलं आणि चाकणहून गाडी सुटली. तो हुश्श करतो तोच तेजस्विनीचा फोन आला.

"अहो, आई सगळ्या भावकीला फोन करून सांगतेय, जावई भरल्या ताटावरून उठला म्हणून."

अजिंक्यने लॅपटॉप मिटला. "आता गं?"

"कौतुकानं सांगतेय हो! म्हणते, असा जावई मिळायला नशीब लागतं."