कोरफडीला पाणी

माघ महिन्यात मला खोकला झाला आणि दाराच्या चौकटीला टांगलेल्या कोरफडीचं एक पान कापावं, असं मी ठरवलं. एवढंच. पुढे जे झालं त्याचा दोष मी पानाला देत नाही. सात वर्षं डोकं खाली करून लटकणाऱ्याला दुसऱ्याचं वाईट करायला सवड कुठली?

ती कोरफड आमच्या हिने बांधली होती. अमावास्येच्या दिवशी, काळ्या दोऱ्याने, मुळं वर आणि पानं खाली, सोबत एक बिब्बा. घरावर येणारी दृष्ट कोरफड स्वतःवर घेते, असं तिचं म्हणणं.

"कालव्याच्या ऑफिसातल्या कारकुनाच्या घराला दृष्ट लावायला बारामतीत कोण रिकामं आहे?" मी विचारलं होतं.

"तुम्ही आहात की. रोज येता-जाता तुम्हीच तिच्याकडे डोळे वटारून बघता," ती म्हणाली.

बघणारच. बांधताना तिने स्वतःच्या उंचीचा अंदाज धरला होता. ती जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. त्यामुळे ऑफिसला निघालो की पानाचं टोक बरोबर माझ्या टोपीत शिरायचं आणि टोपी उंबऱ्यावर पडायची. सात वर्षांत मी त्या कोरफडीला जेवढं बोललो तेवढं साहेब मलासुद्धा बोलले नसतील.

आश्चर्य हे की ती जगली. माती नाही, पाणी नाही, वर कारकुनाच्या शिव्या, तरी हिरवीगार. दोनदा तिला पिलं फुटली. हिने ती अलगद काढून शेजारीपाजारी वाटली.

औषधाची कोरफड वेगळी. तिचं बेट मागे मोरीपाशी होतं. आमच्या गल्लीत कुणाचं काही दुखलं की बायका मोरीकडे यायच्या. भाजलं, खोकला झाला, केस गळायला लागले, अंगावर पिणारं मूल तोडायचं आहे, सगळ्यावर कोरफड. समोरच्या रामहरीचा हात वडगाव निंबाळकरच्या गुऱ्हाळात कढत्या काकवीने पोळला, तेव्हा हिने पंधरा दिवस गर लावून तो बरा केला. (रामहरी माळवं पिकवतो. हात बरा झाल्यावर पहिली वांगी त्याने आमच्याकडे आणून दिली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन पाण्याच्या पाळीवरून माझ्याशी भांडला. दोन्ही मनापासून.)

गेल्या भाद्रपदात ही गेली. मोरीपाशी मग कुणी नवी पिलं लावली नाहीत. बायका पानं मागायला येत राहिल्या, मी देत राहिलो आणि दिवाळीपर्यंत बेट संपलं. राहिली ती दारातली एकटी. तिला कापायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. ती औषधाची नाही, राखणीची. पण मी मॅट्रिक झालेला मनुष्य. स्टुलावर चढलो आणि दाढीच्या वस्तऱ्याने एक जाडसं पान कापलं.

दोरा सात वर्षांचा जुना होता. पान माझ्या हातात राहिलं आणि कोरफड माझ्या डोक्यावरून, टोपी सोबत घेऊन, अंगणात मातीत जाऊन पडली.

मी आधी पान खाल्लं. खोकला मला होता, कोरफडीला नव्हता. सबंध पान, सालीसकट, गुळाच्या खड्याबरोबर. पान कापलं की तासभर उभं करून त्यातला पिवळा चीक निथळू द्यायचा असतो, हे मला नंतर कळलं. फार वेळाने नव्हे, दोन तासांत.

चौथ्या की पाचव्या फेरीला समोरच्या छबूबाईने हाक मारली. छबूबाई म्हणजे रामहरीची बायको.

"भाऊसाहेब, तांब्या घिऊन सकाळधरनं येरझारा चालल्यात. काय खाल्लंसा?"

"कोरफड."

"चीक काढला व्हता का?"

"कसला चीक?"

"म्हंजी न्हाय काढला." तिने पदर तोंडाला लावला. "आन् खोकला?"

"थांबला. खोकायची छातीच होत नाही."

ती हसायची थांबली ती माझ्या अंगणाकडे पाहून. कोरफड अजून तिथेच पडली होती. छबूबाई रस्ता ओलांडून आली, पण तिने ती उचलली नाही.

"वैनीची पडली व्हय," ती म्हणाली. "मातीला लागली. आता परत टांगून उपेग न्हाय."

नंतर मला आतून पुन्हा बोलावणं आलं आणि मी गेलो.

संध्याकाळी मी घासलेटचा एक रिकामा डबा कापला, त्यात माती भरली आणि कोरफड लावली. सरळ. मुळं खाली, पानं वर. बिचारीला सात वर्षांनी आभाळ दिसलं असेल, असं मला वाटलं. आणि मी तिला पाणी घातलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भाद्रपदात हिला ताप आला तेव्हा मी घरी नव्हतो. इंदापूरच्या अंगाला, कालव्याच्या अगदी शेपटाशी, पाण्याच्या तक्रारीची मोजणी चालली होती. निरोप पोचायला एक दिवस लागला, आणि मला बैलगाडीने पोचायला एक रात्र. मी आलो तेव्हा दारात माणसं होती. छबूबाई मला एवढंच म्हणाली, "शेवटाला पाणी पाणी करत व्हत्या. मी घातलं तोंडात."

एकवीस वर्षं मी कालव्याच्या ऑफिसात काढली आहेत. कोणत्या गावाला, कोणत्या चारीला, कोणत्या दिवशी किती वाजता पाणी मिळेल, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

तर, मी कोरफडीला पाणी घालत असे. सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी एक तांब्या. संध्याकाळी आल्यावर एक. दुपारी ऊन वाढलं म्हणून एकदा मधल्या सुट्टीत घरी आलो, मग रोजच येऊ लागलो. हेडक्लार्कनी विचारलं तेव्हा "घरी आजारी आहे" असं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं की माझ्या घरी कुणी नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही.

डब्याच्या बुडाला भोक पाडायचं असतं, हेही मला नंतर कळलं. (माझं बहुतेक ज्ञान नंतरचं आहे.)

फाल्गुनात पानं फुगली. मी खूश झालो. मग ती पिवळसर झाली. ऊन कमी पडत असेल म्हणून मी डबा उन्हात सरकवला. मग ती खालून काळी पडू लागली. पाणी कमी पडत असेल म्हणून मी रात्रीचाही एक तांब्या वाढवला.

एका रविवारी सकाळी रामहरी पाण्याचा अर्ज घेऊन आला. डब्यापाशी थबकला. डब्यात कडेपर्यंत पाणी होतं आणि त्यावर दोन माश्या बसल्या होत्या.

"भाऊसाहेब, आमची वांगी आठ दिस वाळत्यात, आन् हितं तुमी तळं बांदलंय?"

"वाढते आहे," मी म्हणालो.

"सडतीय." तो उकिडवा बसला आणि एका बोटाने पान ढकललं. पान मुळापासून सुटलं आणि पाण्यावर तरंगू लागलं. वास आला.

रामहरी वर बघेना. हळूच म्हणाला, "मागल्या साली चावडीवर तुमीच कागूद वाचला न्हवं? फाजील पाण्यानं जमीन चोपण व्हती, मीठ फुटतं, निचरा पायजे. आमचा खालचा वाफा असाच गेला. तवा तुमी मला म्हनला व्हतासा, रामहरी, पिकाला तहान किती, ते पिकाला इचारावं, आपल्या मनाला न्हाय."

मी असं म्हणालो होतो. परिपत्रकात तसं वाक्य नव्हतं. ते मी पदरचं घातलं होतं आणि लोकांना फार आवडलं होतं.

रामहरी अर्ज न देताच गेला आणि त्याने छबूबाईला पाठवलं. तिने डब्यात डोकावलं आणि कमरेवर हात ठेवले.

"उकिरड्यावर टाकू नगा," ती म्हणाली. "सात वर्साची दृष्ट हाय तिच्यात. वाहत्या पाण्यात सोडा."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"माझा न्हाय तर न्हाय. वैनीचा व्हता."

मी हिच्या जुन्या लुगड्याचं एक फडकं काढलं, त्यात कोरफड गुंडाळली आणि कालव्याकडे निघालो. वाटेत तीन जणांनी पाण्याच्या पाळीबद्दल विचारलं. फडकं गळत होतं. सदऱ्यावर ओघळ उतरले. भराव चढून वर गेलो तर समोर पाटी: "कालव्यात कोणतीही वस्तू टाकणे गुन्हा आहे." अक्षर वळणदार. माझंच.

पाटीखाली कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी म्हस्कू तंबाखू मळत बसला होता.

"राम राम, भाऊसाहेब. फडक्यात काय हाय?"

"काही नाही."

"काय न्हाय म्हंजी टाकायचंच दिसतंय."

मी भरावाच्या कडेला गेलो आणि खाली पाहिलं. कालवा कोरडा होता. तळाच्या गाळाला भेगा पडत होत्या आणि मधोमध एक शेळी उभी होती.

"म्हस्कू, पाणी कुठं आहे?"

"पानी बंद हाय की. परवाधरनं. कागूद तुमच्याच सहीचा आला."

"कधी सुटणार?"

म्हस्कूने तंबाखू मळायची थांबवली. "ते मी तुमास्नी इचारायचं, का तुमी मला?"

मंगळवारी सुटणार होतं. तक्ता मीच केला होता. मी पाटीखाली त्याच्या शेजारी बसलो आणि फडकं मांडीवर घेतलं. त्याने कोपरा उचलून पाहिलं.

"वैनीची?"

मी मान हलवली.

"माझ्या टाचंला भेगा पडल्या तवा त्येंनीच मलम करून दिला व्हता," म्हस्कू म्हणाला. "कवा कुनाला न्हाय म्हनल्या न्हाईत." त्याने फडकं माझ्या मांडीवरून अलगद घेतलं. "माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. मंगळवारी पैल्या लोंढ्यासंगं सोडतो. मी टाकलं न्हाय आन् तुमी बघितलं न्हाय."

मी उठलो. थोडं चालून परत फिरलो.

"वाहून कुठपर्यंत जाईल रे?"

"मदी कुठं अडकली न्हाय तर पार शेपटापत्तुर. इंदापूरच्या अंगाला. त्या शेवटच्या मोरीपाशी, तुमी भाद्रपदात मोजनीला व्हतासा न्हवं, तितंवर."

"हां," मी म्हणालो. "तिथंवर."

घरी आलो तेव्हा माझ्या स्टुलावर छबूबाई उभी होती आणि चौकटीला काळा दोरा बांधत होती. दोऱ्याला एक लहानशी कोरफड. चारच पानं. मुळं वर.

"आमच्या दारावरची हाय," ती खाली न बघता म्हणाली. "वैनीनंच दिल्यालं पिल्लू. म्हंजी तुमचीच. आमावस्या न्हाय आज, पर तुमच्या घराला दम निगंल असं वाटंना."

"याला पाणी—"

"हात जोडते, भाऊसाहेब!" ती स्टुलावरून उतरली. हात झटकले. मग जरा थांबून म्हणाली, "मी एकदा वैनीस्नी म्हनलं व्हतं, दारात जाई लावा, वास येतो. तर हसल्या. म्हनल्या, छबू, ह्येंचं सगळं ध्यान कालव्यावर. ह्या घरात ज्येला पाणी लागत न्हाय तेच टिकंल."

मी हसलो. भाद्रपदानंतर पहिल्यांदाच हसलो, आणि ते नीट जमलं नाही. छबूबाई स्टूल उचलून आत ठेवायला गेली आणि बराच वेळ आतच काहीतरी आवरत राहिली.

तिने कोरफड उंच बांधली होती, मला लागू नये म्हणून. ती गेल्यावर मी दोरा सोडला आणि चार बोटं खाली घेतला. मग टोपी घालून दारातून एकदा जाऊन पाहिलं. आणखी दोन बोटं घेतला. टोपी उंबऱ्यावर पडली. मी ती उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि सवयीने तांब्या भरून दारात आलो. वर पाहत उभा राहिलो. चार पानं आणि भरलेला तांब्या. मी खरोखर पाणी घालणार नव्हतो. नुसता उभा होतो.

"भाऊसाहेब!" समोरून हाक आली. "तांब्या घिऊन दारात कशापायी उभं हाय?"

खरं सांगणं शक्य नव्हतं. "परसाकडे चाललो होतो," मी म्हणालो.

"पुन्यांदा चीक खाल्ला व्हय वो!" छबूबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

तांब्या हातात होता, जाणं भाग होतं. मी गेलो. दुपारपर्यंत तीन घरांतून ताकभात आला, आणि दार उघडताना तिन्ही वेळा माझी टोपी पडली.