‘जायलो’ची हद्द

आमच्या शेजारचे दत्तोपंत वकील रोज सकाळी म्हशीपुढं बसून भूप आळवत. थोडे दिवस भूप, मग थोडे दिवस भैरवी आणि मधे काही दिवस नुसतं मौन, अशी योजना होती. कोणत्या रागानं दूध वाढतं ते त्यांना पाहायचं होतं. त्यांचा आवाज हिंगोलीच्या कोर्टातसुद्धा कुणी फार वेळ सहन केला नव्हता. म्हशीला मात्र दावं होतं. मौनाच्या दिवसांत ती भरपूर दूध देई. निष्कर्ष सगळ्या गल्लीला केव्हाच कळला होता. पण दत्तोपंत म्हणत, “घाई न्हाई करायची मास्तर. सबूत पाहिजे, सबूत!”

मी तेव्हा शाळेत नवीनच मास्तर लागलो होतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. दत्तोपंत पन्नाशीचे, उंच, किडकिडीत. अंगात काळा कोट, त्याच्या एका खिशात खडे आणि दुसऱ्यात वाळलेली पानं. वकिली ते फावल्या वेळात करत. बाकीचा वेळ संशोधनात जाई. कशाचं संशोधन, असं विचारायची सोय नव्हती. उन्हाळ्यात कयाधू नदी आटली की ते पात्रातून खापरं वेचून आणत; तेव्हा ते इतिहाससंशोधक असत. पावसाळ्यात बेडकांच्या ओरडण्याचा ताल धरून बसत. ते संगीत की प्राणिशास्त्र, याचा निकाल त्यांनी राखून ठेवला होता. बायका दळताना ओव्या म्हणतात तेव्हा पीठ बारीक पडतं का जाडं, हे पाहायला ते चार घरांच्या जात्यांपाशी जाऊन बसले आणि चारही घरांतून उठवले गेले.

एकदा एक खापर फारच प्राचीन ठरलं. ते आठवडाभर कोनाड्यात देवाशेजारी होतं. मग त्यांच्या पत्नीनं, गोदाकाकूंनी ते ओळखलं. ते काकूंच्याच फुटक्या लोणच्याच्या बरणीचं होतं. दत्तोपंत मुळीच ओशाळले नाहीत. “म्हणजे बरणीची घडण इतक्या पिढ्यांत बदलली न्हाई,” ते म्हणाले, “हे काय थोडं झालं?”

पक्षकारांची तर मजाच होती. आखाडा बाळापूरचे दोघे भाऊ बांधावरून भांडत आले. दत्तोपंतांनी दावा राहू दिला बाजूला आणि त्यांच्या शेतांना काय काय नावं आहेत ते विचारत बसले. एका शेताचं नाव ‘म्हातारीचं टेकाड’ होतं. का, ते धाकट्याला ठाऊक नव्हतं. थोरल्यानं आजीची गोष्ट सांगितली. गोष्ट सांगता सांगता थोरला रडला, मग धाकटा रडला, आणि दोघं एकाच गाडीतून गावी परत गेले. दत्तोपंतांची फी गेली ती गेलीच, वर चहा त्यांनी पाजला.

मला राग येई तो एकाच गोष्टीचा. हा माणूस काहीही तडीला नेत नसे. मुंग्यांवर महिनाभर गूळ खर्ची पडला की अचानक ग्रहणं सुरू व्हायची. ग्रहणांत रंग भरतोय तोवर लिंबाचा पाला कडू का, हा प्रश्न उभा राहायचा. त्यांच्या ओसरीची भिंत कोळशाच्या आकृत्यांनी भरून गेली होती, आणि त्यातली एकही पुरी नव्हती.

अशात ते एकदा भाषेकडे वळले. आमच्याकडे ‘जायलो’, ‘करायलो’ म्हणतात. वाशीमकडे गेलं की ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिलो’. दत्तोपंतांना प्रश्न पडला, की ‘जायलो’ नेमकं कोणत्या गावापाशी संपतं?

प्रश्न चांगला होता, वर्ष वाईट होतं. पलीकडचा वऱ्हाड स्वतंत्र हिंदुस्थानात गेला होता आणि आम्ही अजून निजामाच्या राज्यात होतो. मधे कनेरगावचा नाका. येणाऱ्याजाणाऱ्याकडं संशयानं बघावं असे ते दिवस. आणि अशा दिवसांत दत्तोपंत नाक्यावर जाऊन उभे राहिले आणि दिसेल त्याला थांबवून विचारू लागले, “काय हो, कुठं चाललात?”

दुपारी मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, की वकीलसाहेबांना चौकीत बसवून ठेवलंय. मी काकूंना कसं सांगावं याचा विचार करत गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, भाकरी फडक्यात बांधली आणि म्हणाल्या, “चला. सकाळपासून उपाशी आसतील.”

चौकीत दत्तोपंत बाकावर ताठ बसले होते. अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, कपाळ चोळत होते. माणूस सभ्य होता, पण पार थकला होता.

“मास्टर, आप समझाओ इनको,” ते मला म्हणाले. “सुबह से मुसाफिरों को पूछ रहे हैं, कहाँ जा रहे हो. मैं पूछता हूँ, आपको क्या करना है? तो बोलते हैं, कहाँ जा रहे इससे मतलबच नहीं!”

“न्हाईच मतलब,” दत्तोपंत म्हणाले. “तो जहन्नुममध्ये जाईना! तो ‘जायलो’ म्हणतो का ‘जाऊन राहिलो’, एवढंच मला ऐकायचंय.”

दाराशी उभा असलेला जवान पुटपुटला, “काय बोलून राहिला हा माणूस!”

दत्तोपंत उठलेच. “बोलून राहिला! गाव कोणतं तुमचं?”

“पुसेगाव.”

“शक्यच न्हाई. पुसेगावात ‘बोलायला’ म्हणतात. आई कुठली?”

जवान गोंधळला. “माय वाशीमकडची. आजोळीच वाढलो मी. काहून?”

दत्तोपंतांनी विजयी मुद्रेनं अमीनसाहेबांकडं पाहिलं. अमीनसाहेबांनी जवानाकडं पाहिलं, जणू हाही यांना सामील आहे. मग आवाज उतरवून ते म्हणाले, “वकीलसाब, एक बात बोलो और जाओ. आपको भेजा किसने? न्हाईतर तुम्हाला परभणीला, जिल्ह्याच्या कचेरीत पाठवावं लागंल.”

सकाळपासून याच एका प्रश्नावर दत्तोपंत गप्प होते, आणि त्यामुळंच प्रकरण वाढलं होतं. काळ असा होता, की परभणीला पाठवलेला माणूस कधी परत येईल ते कुणी सांगू शकलं नसतं.

तेवढ्यात काकू डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आल्या. “म्यां पाठवलं.”

“गोदे, तू बोलू नकोस,” दत्तोपंत म्हणाले. “चौकीत तुझं नाव निघायला नको.”

“निघू द्या. साहेब, माझी जाऊ वाशीमची. ती ‘करून राहिले’ म्हणती, मी ‘करायले’ म्हणते. मधे कुठं बदलत आसंल, असं म्यां इचारलं होतं यांना. माझ्यापायी आले ते.”

अमीनसाहेबांनी जवानाला चहा सांगितला आणि मला हातानं खूण केली, की घेऊन जा.

परतीच्या मोटारीला वेळ होता. आम्ही लिंबाखाली बसलो. काकू पाणी आणायला विहिरीकडं गेल्या तेव्हा मी दत्तोपंतांना चांगलंच झापलं. त्यांनी ऐकून घेतलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते हळू म्हणाले, “आमची एक पोरगी होती, मास्तर. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. तापानं गेली. तेव्हापासून हिला घर खायला उठतं. मग काहीबाही विचारत राहते. मुंग्या रांगेत का चालतात, बेडूक का ओरडतात. विचारते तोवर बरी असते. मला कुठं येतंय सगळं? शोधावं लागतं. एकाचं उत्तर लागेपर्यंत तिला दुसरं सुचलेलं असतं.”

काकू पाणी घेऊन आल्या. दत्तोपंत हात धुऊन मोटार कधी सुटते ते विचारायला गेले. काकूंनी त्यांच्या पाठमोऱ्या कोटाकडं पाहिलं.

“रागावू नका त्यांच्यावर,” त्या म्हणाल्या. “लेकरू गेलं तेव्हा हे बोलायचेच बंद झाले होते. कोर्टातून यायचे आन् भिंतीकडं बघत बसायचे. एक दिवस म्यां आपलं सहज इचारलं, मुंग्या रांगंतच काहून चालतात? तर उठून अंगणात गेले! किती दिवसांनी उठले. तवापासून मी इचारत राहते. मला काय करायचंय मुंग्यांचं? पर एक संपायला आलं की भ्या वाटतं, पुन्हा बसून राहतील. मग दुसरं काढते.”

मी दोघांचंही ऐकलं होतं. कुणाचं कुणाला सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.

मोटार निघाली. दत्तोपंत खिडकीशी बसले होते, अंग चोरून, दमलेले. डोळे समोरच्या पत्र्यावर खिळलेले. दोन्ही बाजूंना माळावर पळस फुलले होते. काकूंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा बाहेर.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ह्या झाडावर पान एक न्हाई, आन् फुलं एवढी. पानाच्या आधी फूल कसं काय येत आसंल?”

दत्तोपंतांनी मान वळवली. “कुठं?” म्हणाले, आणि खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. काकूंनी न बघताच त्यांच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं.