दहापैकी तीन

"इंजेक्शन? मला? अहो वन्सं, माझ्या अर्धशिशीपुढे तुमच्या त्या कळा म्हणजे गुदगुल्या!"

घड्याळवालीने हे वाक्य नणंदेच्या लाँड्रीत, भर गिऱ्हाइकांत, सातव्या महिन्याचं पोट काउंटरला टेकवून उच्चारलं. धुलाईची मशीनं तेवढी घरघरत राहिली. एका गिऱ्हाइकाने उगाचच घडीच्या शर्टाची पुन्हा घडी घातली.

घड्याळदुरुस्तीचं तिचं दुकान लाँड्रीच्या भिंतीला भिंत लावून होतं. नवरा शाळेत पी.टी.चा मास्तर. संसार तसा दृष्ट लागण्यासारखा, पण दृष्ट लागली ती नेमकी डोक्याला! मधूनच तिच्या डोळ्यांपुढे वाकडीतिकडी चमक नाचायला लागे, हातातल्या घड्याळाची अर्धी तबकडी दिसेनाशी होई, आणि मग उजव्या कानशिलात कुणीतरी स्क्रू पिळायला घेई. पिळतोय, पिळतोय, थांबायचं नाव नाही! अशा वेळी ती दुकानातले सगळे लंबक धरून थांबवी, माडीवर जाऊन पडदे ओढी आणि डोक्याला ओढणी करकचून बांधून पडून राही. उशाशी पाणी नाही, बादली. उलटीसाठी.

नणंदेचा यावर काडीचा विश्वास नव्हता.

"डोकं कुणाचं दुखत नाही?" ती म्हणे. "मी दोन पोरं काढली, बिनइंजेक्शनची! धाकट्याच्या वेळी तर चादरींचा ढीग इस्त्री करून मग दवाखान्यात गेले!" हा ढीग दर वेळी सांगताना थोडा उंच होई. आता तो छताला लागायच्या बेतात होता. "आणि ही बया डोक्याला फडकं बांधून राणीसारखी झोपते. नखरे नुसते!"

हा 'नखरे' शब्द घड्याळवालीला अर्धशिशीपेक्षा जास्त ठणके. म्हणून तर ती त्या दिवशी गुदगुल्या म्हणाली. तोंडातून गेलं आणि गल्लीभर झालं. आता माघार कशी घेणार? डॉक्टरीणबाईंनी कळा जाणवू न देणाऱ्या मणक्यातल्या इंजेक्शनचं नीट समजावून सांगितलं, तेव्हाही हिने मान ताठ ठेवून "नको" म्हटलं. मास्तर शेजारी बसून घाम पुसत होते.

दिवस भरून कळा सुरू झाल्या त्या सकाळी ती एका जुन्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग बसवत होती. कंबरेत कळ आली. तिने विचार केला, जागरण झालं असेल. दुसरी आली. काहीतरी बाधलं असेल. तिसरी आली तेव्हा मास्तरांनी तिचा चेहरा पाहिला आणि गळ्यातली शिट्टीच फुंकली!

"अगं, चल! वेळ झाली!"

"कसली वेळ? वन्सं म्हणतात ना, खऱ्या कळांत माणूस स्वतःचं नाव विसरतं! मला तर उधारीवाल्यांचीही नावं आठवताहेत."

शिट्टी ऐकून नणंद ओले हात पुसत आली. घड्याळवालीला आपादमस्तक न्याहाळून तिने निकाल दिला, "छे! बोलतेय, म्हणजे काही नाही. पण चला, दाखवून आणू. नाहीतर हा मास्तर इथेच बाळंत व्हायचा!"

दवाखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशीच सिस्टर उभी होती, एका कानाला फोन लावून.

"बाई, दहापैकी किती दुखतंय? दहा म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात वाईट दुखणं."

घड्याळवाली प्रामाणिक होती, हाच घोळ झाला. तिने डोळे मिटून तो स्क्रू आठवला, पडदे आठवले, बादली आठवली. मग आत्ताची कळ त्याच्या शेजारी ठेवून पाहिली.

"तीन," ती म्हणाली.

"तीन? मग बसा निवांत. आत सगळ्या नऊवाल्या आहेत. सात-आठ झालं की हाक मारा."

तिघं बाकावर बसली. मास्तरांनी कळा मोजायला घेतल्या. "श्वास आऽत! श्वास बाहेऽर! खांदे सैल!" बघता बघता समोरच्या रांगेतले दोन आजोबाही तालात श्वास घ्यायला लागले. आपल्या हाताला घड्याळ नसलेल्या मास्तरांनी सगळा हिशेब भिंतीवरच्या घड्याळावर लावला होता. (घड्याळवालीच्या नवऱ्याच्या हाताला घड्याळ नसायचंच, ते कायम दुरुस्तीत.)

"फार छान!" ते आनंदाने म्हणाले. "दोन कळांमध्ये अजिबात वेळ जात नाहीये!"

घड्याळवालीने वर पाहिलं. "अहो, जाईल कसा? ते घड्याळ बंद आहे!"

आता बंद घड्याळ दिसल्यावर ती गप्प बसणार होय? एक कळ ओसरली तशी ती बाक भिंतीशी सरकवून वर चढली. मास्तर खालून धरायला धावले, तर तिने त्यांच्या हातात घड्याळाची काच दिली.

"अगं उतर!"

"काटे अडकलेत फक्त. थांबा... आऽऽ... थांबा... हं. गेली. पर्समधला चिमटा द्या."

तेवढ्यात सिस्टर आली आणि समोरचं दृश्य पाहून तिच्या कानाचा फोन खांद्यावर घसरला. "बाई! खाली उतरा आधी!"

"झालंच," घड्याळवाली म्हणाली. टिक, टिक, टिक! घड्याळ सुरू झालं. आणि त्याच क्षणी बाकावर, मास्तरांच्या बुटांवर आणि फरशीवर पाणीच पाणी झालं. आजोबांनी पाय वर घेतले.

नणंदेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दोन बाळंतपणं काढलेली बाई ती! तिने वहिनीचा हात धरला. तो हात लोखंडासारखा आवळलेला होता, कपाळावरून घाम निथळत होता.

"अगं... खरं सांग. किती दुखतंय?"

"तीन. फार तर साडेतीन."

"आणि ते तुझं डोकं दुखतं तेव्हा?"

"ते दहा ना, वन्सं."

नणंदेने तिला कवेत धरून अलगद बाकावरून उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

आत नेऊन सिस्टरने तपासलं आणि ती किंचाळलीच, "अरे देवा! डोकं आलंय!"

"छे हो," घड्याळवाली म्हणाली, "आज डोकं मुळीच दुखत नाहीये!"

"तुमचं नाही! बाळाचं!"

आणि मग मात्र तिनाचे पाच झाले, पाचाचे नऊ झाले, आणि नऊनंतर कुठला आकडा येतो तेच तिला आठवेना. स्वतःचं नावही आठवेना! सगळा गर्व, सगळी अर्धशिशी, सगळ्या गुदगुल्या एका किंकाळीत वाहून गेल्या.

"इंजेक्शन द्याऽऽ!"

"आता कुठली वेळ, बाई! जोर लावा!"

"वन्संऽऽ! तुमचं खरं होतं होऽऽ!"

"माझं राहू दे गं!" नणंद तिचं डोकं छातीशी धरून रडत ओरडली. "तुझंच खरं! लाव जोर! माझी शहाणी ती!"

मुलगी झाली. काळंभोर जावळ, घट्ट आवळलेल्या मुठी. मास्तर दारातून आत आले ते थेट खाली बसले. त्यांना पाणी पाजावं लागलं.

संध्याकाळी बाळ कुशीत झोपलेलं असताना नणंदेने अखेर विचारलंच, "मग? जास्त काय गं?"

घड्याळवालीने बराच विचार केला. "शेवटी शेवटी हे जास्त होतं, वन्सं. खोटं कशाला बोलू? पण यात मध्ये मध्ये सुट्टी मिळते. सगळी माणसं भोवती गोळा होतात, 'शाब्बास' म्हणतात. आणि सरतेशेवटी हे असं काहीतरी हातात देतात." तिने बाळाच्या मुठीवर बोट फिरवलं. "डोकं दोन दिवस एकटीने सोसायचं, आणि सरलं की हाती काय? तर रिकामी बादली. तीही आपणच धुवायची."

नणंदेने नाक ओढलं. "यापुढे बादली मी धुईन," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बाळ अडीच महिन्यांचं झालं तेव्हा अर्धशिशी परतली. चमक, स्क्रू, सगळं साग्रसंगीत. घड्याळवाली माडीवर जाऊन पडली. आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडची घरघर थांबलीये. नणंदेने भर सकाळी मशीनं बंद केली होती! माडीवर येऊन, पडदे ओढून, बाळाला खांद्यावर टाकून ती चोरपावलांनी खाली गेली. अंधारात पडल्या पडल्या घड्याळवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

खाली कुणीतरी गिऱ्हाईक आलं. नणंद त्याच्याशी कुजबुजली. पण जन्मभर मशीनांच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेली बाई. तिची कुजबुज म्हणजे दुसऱ्याची आरोळी!

"शूऽऽऽ! हळू बोला होऽऽ! आमच्या वहिनीचं डोकं दुखतंय! नखरे नाहीत ते, खरंच दुखतंऽऽय!"

समोरच्या इमारतीच्या खिडक्या पटापट उघडल्या. बाळ दचकून उठलं आणि त्याने आत्याच्या सुरात सूर मिसळला. वर घड्याळवाली उशीत तोंड खुपसून हसत सुटली. आणि हसलं की अर्धशिशी दुपटीने ठणकते, हे काही तिने नणंदेला कधीच सांगितलं नाही.