मागचा ब्रेक

गाडी पळवणाऱ्यावर ओरडणारे म्हातारे प्रत्येक गल्लीत असतात. आमच्या सोसायटीतले निंबाकाका मात्र मागे बसलेल्यावर ओरडतात.

रोज सकाळी पावणेसातला हा माणूस पायजमा, बंडी आणि गळ्यात मफलर अशा थाटात गेटवर हजर. मफलर मे महिन्यातही. दुचाकी दिसली की हात आडवा. चालवणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, बोट थेट मागच्याच्या नाकासमोर. "तुला तोंड दिलंय ना देवानं? मग वापर की! हा गडी ऐंशीनं पळवतोय अन् तू मागं बसून मोबाइल बघतोय! उद्या आपटला की म्हणशील, माझी काय चूक?"

त्यांचा सिद्धांतच आहे. "गाडीला ब्रेक तीन. एक हाताचा, एक पायाचा, अन् तिसरा मागच्याचा. पहिले दोन कंपनी देती. तिसरा आपला आपण बघायचा." सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'मागचा ब्रेक' ठेवलंय. त्यांना ते माहीत आहे आणि त्याचा त्यांना अभिमानही आहे, ही त्याहून संतापाची गोष्ट.

तिसरा ब्रेक म्हणून सगळ्यात जास्त बोलणी कोणी खाल्ली असतील तर मी. मला गाडी चालवता येत नाही. शिकायला गेले होते, पहिल्याच दिवशी भाजीच्या हातगाडीत घुसले, तेव्हापासून मी मागेच. आमची लेक गार्गी बावीस वर्षांची. नाशकातल्याच अंबडला नोकरीला जाताना ती मला मोटरसायकलवरून शाळेत सोडते. मी पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. वीस वर्षं पोरांना झापायचा पगार घेतेय, मला कोणी झापलेलं अजिबात चालत नाही. आणि हा माणूस रोज सकाळी, वॉचमनच्या देखत, "मास्तरीणबाई, वर्गात साठ पोरं गप करता, अन् एक पोरगी हळू करता येत नाय?"

गार्गीला ते आवडतात. तिला ओरडतच नाहीत, मग आवडणारच! एकदा तिने विचारलं, "काका, तुम्ही माझ्या वयात किती पळवायचात?"

"कळवणहून निघालो की सव्वा तासात नाशकात."

"मग आम्हाला कशाला सांगता?"

"म्हणून तर सांगतो." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "विशीतला गाडी ढुंगणानं चालवतो, चाळिशीतला डोळ्यानं, अन् सत्तरीतला कानानं."

काका मूळचे कळवणकडचे. खतं-औषधांच्या एका कंपनीसाठी त्यांनी फटफटीवर अख्खा जिल्हा पालथा घातला. आता एक्काहत्तर वय आहे आणि ती फटफटी अजून चालू आहे. कानानं चालवतात म्हणजे काय, हे बघायचं असेल तर रविवारी त्यांची स्वारी निघते तेव्हा बघावं. डोक्यावर हेल्मेट, आणि त्या हेल्मेटला दोन्ही कानांच्या जागी ड्रिलने पाडलेली भोकं. दुकानदाराने हात जोडून सांगितलं होतं, काका, भोकं पाडली तर हेल्मेटचा उपयोग काय? हे म्हणाले, "मागचं माणूस बोललेलं ऐकू आलं नाय तर हेल्मेटचा उपयोग काय?"

मागे सिंधूकाकू. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वळत नाही. म्हणून काकांनी वेल्डिंग करून एक लांबलचक पायदान बसवून घेतलंय, त्यावर तो पाय सरळ ठेवून काकू एका बाजूला बसतात. वेग तीस. सायकलवाला पुढे जातो. आणि दर दोन खांबांमागे काका मान वळवून विचारतात, "काही म्हणालीस का?"

काकू म्हणतात, "काय नाय, चला."

पुन्हा दोन खांब. "काही म्हणालीस का?"

बघून माझं डोकं फिरायचं. अरे, बाई गप्प बसलीय तर बसू द्या ना!

पण खरा राग यायचा तो त्यांच्या कीर्तनाच्या शेवटाचा. कोणालाही झापून झालं की आवाज टिपेला. "आमच्या हिनं सांगितलं होतं, सावकाश! एकदा नाय, तीनदा! मीच गाढव, ऐकलं नाय. पाय तिचा गेला." लग्नाला आठ दिवस झालेले असताना दोघं नाशकाहून गाडीवरून वणीला गडावर देवीची ओटी भरायला निघाले होते. दिंडोरीच्या पुढे काकांनी टमाट्याच्या टेम्पोला ओव्हरटेक केलं आणि खडीवर गाडी घसरली. ही हकीकत आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काकू तुळशीला पाणी घालत असतात, त्यांना रोज ऐकावी लागते. बायकोच्या पायाची अशी रोज दवंडी पिटायची म्हणजे काय! जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

एका शनिवारी कहर झाला. गार्गीने गाडी जरा जोरात गेटपर्यंत आणली, तर काकांनी मला खाली उतरवलं. "म्हणा, सावकाश. तीनदा म्हणा, मग जाऊ देतो." शाळेला उशीर होत होता. म्हटलं मी. तीनदा. नेमकी सातवी 'ब'ची एक कार्टी समोरच्या दुकानात दुधाची पिशवी घ्यायला आली होती. सोमवारी वर्गात गेले तर फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'बाई, सावकाश!' ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढावी तर तीही नाही.

त्याच दुपारी काका बाजारात गेलेले बघून मी तडक वर गेले. काकू पाय लांब करून मेथी निवडत होत्या.

"काकू, तुमच्या नवऱ्याला आवरा. नाहीतर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढीन. आणि तुमचं नाव कशाला घेतात हो रोज गेटवर? तुम्हाला कसं चालतं?"

काकू आधी हसल्या. मग मेथीची जुडी त्यांनी खाली ठेवली. "मी सावकाश म्हटलंच नव्हतं गं."

"म्हणजे?"

"टेम्पो पुढं चाललेला. धूळ, त्यात नासक्या टमाट्याचा वास. माझ्या अंगावर लग्नाचा शालू. मला गाडीची सवय नाय म्हणून हे बिचारे मागं मागं हळूच चालवत होते. मीच पाठीत बुक्की मारली. म्हटलं, काढा की पुढं! बैलगाडी हाय का ही? एकदा नाय, तीनदा म्हटलं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "दवाखान्यात शुद्धीवर आले तर हे पायाशी बसून रडतायत. सासूबाई उशाशी उभ्या. 'पांढऱ्या पायाची' म्हणायला त्या टपलेल्याच होत्या, अन् पाय तर खरंच पांढरा, पार कमरेपर्यंत प्लास्टर! तेवढ्यात हे म्हणाले, आई, तिनं तीनदा सांगितलं सावकाश, मीच ऐकलं नाय. वाऱ्यात यांना नीट ऐकू गेलं नसंल. तेव्हाच बोलायला पायजे होतं मी. सासूबाईंना भ्याले. मग उद्या सांगू, उद्या सांगू करता करता त्रेचाळीस वर्षं झाली."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"गाडीवर बसले की विचारतात ना, काही म्हणालीस का? दरवेळी वाटतं, आता सांगावं. जिभेवर येतं. मग म्हणते, काय नाय, चला." त्यांनी माझा हात धरला. "कोणाला बोलू नको. देवीची आण हाय तुला."

मी आण घेतली, पण जिना उतरताना डोकं तापलेलंच होतं. आता राग काकूंचा. एक माणूस त्रेचाळीस वर्षं भर गेटवर स्वतःला गाढव म्हणवून घेतोय आणि ही बाई वर मेथी निवडतेय! दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला झापलं की मी दात-ओठ खात गप्प बसायचे. पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही हो. पंधरा दिवसांत मला आम्लपित्त झालं.

मग तो गुरुवार आला. शाळेत सहामाही परीक्षेचा पहिला पेपर, आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. घरातून निघायलाच उशीर झालेला. पुढे एक रिक्षा रमतगमत चाललेली, गार्गी मुकाट तिच्या मागे. माझा तोल सुटला. "काढ ना पुढे! कधी नव्हे ती आजच बरी कासवासारखी चालवतेस! काढ म्हणते ना!"

गार्गीने काढली. रिक्षावाल्याला त्याच क्षणी उजवीकडे वळायची बुद्धी झाली. ब्रेक लागले, गाडी तिरकी झाली आणि आम्ही दोघी रस्त्यावर. मला खरचटलंसुद्धा नाही. गार्गीचं उजवं मनगट मोडलं.

किल्ली शाळेत पाठवणं, एक्स-रे, प्लास्टर, सगळं होऊन रिक्षाने परत यायला दुपारचे चार वाजले. काकांना बातमी लागली होती. वॉचमनच्या खुर्चीत बसून होते, आम्हाला बघून उठले. गार्गीचं प्लास्टर पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पण सवय ती सवय. माझ्याकडे वळून म्हणाले, "मागचा ब्रेक काय करत होता, मास्तरीणबाई?"

मी तोंड उघडायच्या आत गार्गी म्हणाली, "आईला नका बोलू, काका. ती सावकाशच म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

इतकं सहज म्हणाली पोरगी, हातात कळा येत असताना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग तिचा, स्वतःचा, सगळ्यांचाच. "खोटं बोलू नकोस! मी काढ पुढे म्हटलं! मी! आणि काका, तुम्हीही आता पुरे करा हे सावकाश-पुराण! काकूसुद्धा काढा पुढं म्हणाल्या होत्या! तीनदा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. देवीची आण, महिनाभरही टिकली नाही.

काकांनी आधी वर पाहिलं. गॅलरीत कोणी नव्हतं. मग माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हळू बोला, बाई. ती घरात हाय."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"कान चांगले होते की तेव्हा. अन् पाठीत तीन बुक्क्या बसल्या. बुक्की मारून कोण सावकाश म्हणतं?"

गार्गी प्लास्टरचा हात सावरत वॉचमनच्या खुर्चीत बसली.

"आमची आई उशाशी उभी होती. पोरगी आठ दिवसांची नवरी. खरं बोललो असतो तर जन्मभर घास गोड लागू दिला नसता तिला. अन् ती पुढं काढा म्हणाली, खरं हाय. पण गाडी माझ्या हातात होती ना? अठ्ठावीस वर्षांचा घोडा मी, मलाच खाज होती. ती नुसतं निमित्त."

"मग सांगा ना त्यांना! त्या झुरतायत तिकडे!"

"मी कसं सांगू? तिला वाटंल, एवढी वर्षं याला सगळं ठाऊक होतं अन् हा रोज मला ऐकवत होता." त्यांनी मफलर सारखा केला. "तिनं सांगितलं की मग झालं. म्हणून तर विचारत असतो. गाडीवर तोंडाकडं बघायला लागत नाय, सांगायला सोपं जातं. भोकं पाडली ती काय उगंच?"

खरं सांगते, मला दोघांना समोरासमोर बसवून थोबाडावंसं वाटलं. त्रेचाळीस वर्षं! एकाच ताटातलं खातात, एकाच गाडीवर फिरतात, आणि एवढी एक गोष्ट बोलता येत नाही! मी जिन्याकडे वळलेसुद्धा. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर हात जोडले.

"मास्तरीणबाई, देवानं तोंड दिलंय. ते मिटायला पण दिलंय."

तेवढ्यात वर दार वाजलं. काकू पाय ओढत गॅलरीत आल्या. खाली गार्गीचं प्लास्टर दिसलं आणि त्यांचा हात कठड्यावर घट्ट झाला. काका ताठ झाले, गळा साफ केला आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असे गरजले, "आमच्या हिनं सांगितलं होतं, सावकाश! तीनदा! मीच गाढव, ऐकलं नाय!"

काकू काहीतरी पुटपुटल्या. ओठ हललेले मला खालून दिसले.

काकांनी हात कानामागे धरला. "काही म्हणालीस का?"

काकू कठड्यावरून जराशा पुढे वाकल्या. मी मनात म्हणत होते, बोला, काकू, आता तरी बोला.

"काय नाय," काकू म्हणाल्या. "चहा टाकलाय. या. अन् जिना सावकाश चढा."